शंकरपटाचा धुरकरी : जोडी गाजते, हाकणारा मागेच राहतो

नांदेड / लातूर : पटाच्या मैदानावरचा भोंगा आधी जोडीचं नाव पुकारतो, मग मालकाचं, मग गावाचं. वेळ पुकारली जाते, टाळ्या पडतात, बैलांच्या अंगावर गुलाल पडतो. त्या गुलालाच्या मागे, अंगावरची माती झटकत एक जण छकड्यावरून उतरत असतो. कासरा त्याच्याच हातात असतो, पण त्याचं नाव बरेचदा भोंग्यावर येतच नाही. तो त्या जोडीचा धुरकरी.

पैनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत, म्हणजे हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूर या नांदेडच्या तालुक्यांत आणि नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात, 'धुरकरी' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गाडीच्या ज्या पुढच्या भागावर बसून बैल हाकतात त्याला धुर म्हणतात, म्हणून हाकणारा धुरकरी. सांगली-साताऱ्याच्या मैदानांवर त्याच माणसाला सरळ 'ड्रायव्हर' म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या घाटातल्या बैलगाडा शर्यतीत मात्र गाड्यावर कोणी बसतच नाही, बैल मोकळेच वर पळतात आणि पुढे घोडी धावते. नाव एकच, 'बैलांची शर्यत', पण खेळ तीन आहेत. धुरकऱ्याचा खेळ शंकरपटाचा आणि छकड्याचा.

कोण होतो धुरकरी?

ज्याच्या घरी बैल, त्याच्या घरी धुरकरी, असं पूर्वी होतं. पोरगं शाळेत जाण्याच्या वयात वखरामागे चालतं, मग बापाशेजारी गाडीत बसतं, मग बाजारातून परतताना मोकळ्या रस्त्यावर कासरा हातात घेतं. शर्यतीचं पहिलं शिक्षण तिथंच होतं. गावाकडे येणारी वाट बैलांना ओळखीची असते, गोठा दिसला की ते आपोआप पळायला लागतात. त्या पळणाऱ्या बैलांना न ओढता, न भडकवता सरळ रेषेत ठेवणं हा या कलेचा पहिला धडा. त्याला पुस्तक नाही, वर्ग नाही आणि परीक्षाही नाही.

दुसरा धडा बैल ओळखण्याचा. जोडीतला एक बैल सुटायला तापट असतो, दुसरा उशिरा पेट घेतो. एक डावीकडे दाबतो, एक जू खांद्यावरून पुढे ढकलतो. चांगला धुरकरी हे सगळं आठ-पंधरा दिवसांत ओळखतो. कोणता बैल कोणत्या बाजूला जुंपायचा, शिवळा किती घट्ट ठेवायच्या, कासऱ्याची पकड कुठं ठेवायची, हे तो मालकाला सांगतो. समजदार मालक ऐकतो. न ऐकणारे मालकही पुष्कळ आहेत, आणि हरल्यावर तेच धुरकऱ्याला बोल लावतात.

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यांना इथं एक गोष्ट कबूल करावी लागते. आपल्या दोन्ही नावाजलेल्या जाती, कंधार-लोहा-मुखेड भागातली लाल कंधारी आणि देवणी-उदगीर भागातली देवणी, मुळात पळण्यासाठी जोपासलेल्या नाहीत. लाल कंधारी बैल काळ्या चिकट रानात दिवसभर नांगर ओढणारा. देवणी दूध आणि काम दोन्हींसाठी. तिचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन प्रकार या भागात पोरंसुद्धा अंगावरच्या काळ्या ठिपक्यांवरून ओळखतात. पटावर जास्त दिसतो तो खिल्लार, अंगानं सडपातळ, लांब पायांचा, आटपाडी-म्हसवड भागातून वर आलेला. पटशौकीन मालक पट्टीचा खिल्लार घ्यायला लाखांत पैसे मोजतो. म्हणजे गावच्या धुरकऱ्याला घरच्या लाल कंधारीवर शिकून परक्या, तापट जनावरावर परीक्षा द्यावी लागते. हा बदल नीट पार पाडणारे थोडेच असतात. बाकीचे गावच्या गटातच राहतात.

गट म्हणजे काय, तर बहुतेक पटांत एक खुला गट असतो, त्यात बाहेरच्या जिल्ह्यांतल्या नामांकित जोड्या उतरतात. दुसरा गट गावच्या किंवा तालुक्याच्या जोड्यांसाठी राखलेला असतो. बक्षिसाची मोठी रक्कम खुल्या गटात, आणि गावाची खरी गर्दी दुसऱ्या गटाला. भावकीतल्या दोन जोड्या समोरासमोर आल्या की मैदानावर काय होतं ते सांगायची गरज नाही.

ते काही सेकंद

पट भरतो तो सुगीनंतर. सोयाबीन निघालेलं असतं, तूर काढणीला आलेली किंवा निघालेली, रान मोकळं असतं. संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत आणि पुढे गावोगावच्या जत्रांपर्यंत हा हंगाम चालतो. पडीक रानात पट्टी आखली जाते, ढेकळं फोडून, पाणी शिंपडून, रोलर फिरवून ती घट्ट केली जाते. काळ्या रानाची अडचण अशी की पाणी जास्त झालं तर चिखल आणि कमी झालं तर भेगा. भेगेत बैलाचा खूर अडकला तर तो बैल पुन्हा पटावर येईलच असं नाही. म्हणून अनुभवी धुरकरी सकाळीच पट्टीवरून अनवाणी चालून येतो. कुठं भुसभुशीत, कुठं उतार, कुठं आखणीची चुना-रेष बैलाला बिचकवेल, हे तो पायानं बघतो.

जोडी जुंपली जाते ती हलक्या छकड्याला. लोखंडी धाव असलेली जुनी लाकडी गाडी आता पटावर क्वचित दिसते. छकडा जितका हलका तितकं बरं, आणि वर बसणाराही जितका हलका तितका बरा. धुरकरी निवडताना त्याचं वजन आधी बघितलं जातं, कौशल्य त्यानंतर. इथं थोडं लांबचं उदाहरण उपयोगी पडतं. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतीत हीच अडचण होती. चालक हलका तर गाडी जलद, म्हणून चालक उपाशी राहून वजन उतरवायचे. २०१९ मध्ये तिथं नियम आला की चालकाचं आसनासह वजन किमान ८० किलो धरायचं. कमी भरलं तर गाडीत तेवढं वजन ठेवायचं. हलक्या माणसाचा फायदा तिथंच संपला. आपल्या पटावर असं वजन धरायची पद्धत नाही. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या किरकोळ पोराला छकड्यावर बसवायचा मोह मालकांना होतो, आणि पोरालाही ते हवंच असतं.

गंमत अशी की फॉर्म्युला वनची गाडी, चालकासकट, आठ क्विंटलच्या आसपास भरते. पटावरच्या दोन खिल्लार बैलांचं वजनही मिळून आठ-नऊ क्विंटलच्या घरात जातं. फरक इतकाच की मोटारीला ब्रेक असतो.

झेंडी पडते, जोडी सुटते. पूर्वी वेळ घड्याळावर मोजायचे आणि त्यावरून भांडणं व्हायची. आता बहुतेक मोठ्या पटांत सेन्सर लावलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं आणि निकाल सेकंद-पॉइंटमध्ये जाहीर होतो. सगळा खेळ काही सेकंदांचा. तेवढ्यात धुरकऱ्याला तीन कामं करायची असतात. सुटताना दोन्ही बैल एकाच वेळी उचलायचे. मधल्या टप्प्यात जोडी रेषेच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, बाहेर गेली की बाद. आणि तिसरं काम लोकांच्या लक्षात येत नाही, कारण तोवर सगळ्यांचे डोळे वेळेच्या फलकाकडे वळलेले असतात. शेवटच्या रेषेनंतर जोडी थांबवायची. अपघाताची खरी भीती इथंच. रेषेपलीकडे मोकळी जागा कमी असेल, तिथं मोटारसायकली लावलेल्या असतील, किंवा हौशी लोक मोबाइल घेऊन समोर उभे असतील, तर पुढं काय व्हायचं ते पूर्णपणे त्या एका माणसाच्या मनगटावर अवलंबून राहतं.

कायदा आला, कला बदलली

धुरकऱ्याच्या हातात पूर्वी काय असायचं, हे जुन्या लोकांना माहीत आहे. टोकाला खिळा बसवलेली काठी, चाबूक, आणि काहीच नाही तर शेपूट पिरगाळणं. काही ठिकाणी बैलाला दारू पाजणं, शॉक देणं असलेही प्रकार झाले. हे झाकून शंकरपटाचा इतिहास लिहिता येत नाही. बंदी आली ती या प्रकारांमुळेच.

११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. त्या यादीत आधीपासून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतींवरही बंदी कायम केली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं अटी घालून सूट दिली, तिला काही दिवसांतच न्यायालयाची स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये राज्यानं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आपली दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची मंजुरी आणली, नियम बनवले. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं परवानग्यांना स्थगिती दिली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, हा तिथला मुख्य मुद्दा होता. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या नियमांखाली शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

राज्याच्या दुरुस्तीत बैलगाडा शर्यतीची व्याख्या आहे. 'शंकरपट' आणि 'छकडी' ही नावंही तिथं आली आहेत, हा मराठवाडा-विदर्भातल्या पटशौकिनांना अभिमानाचा विषय वाटतो. पण त्याच व्याख्येत आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कोणी वाचत नाही. गाडीवान असो किंवा नसो, दोन्ही प्रकारच्या शर्यती तिथं धरल्या आहेत. घाटातल्या शर्यतीसाठी ते आवश्यकच होतं. पण अर्थ असाही निघतो की कायद्याच्या नजरेत बैल असल्याशिवाय शर्यत नाही, माणूस मात्र नसला तरी चालतो.

नियमांचा सगळा रोख बैलावर आहे आणि तो तसाच असायला हवा. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, पशुवैद्यकीय तपासणी लागते, धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नको, एका दिवसात एक बैल तीनपेक्षा जास्त वेळा पळवायचा नाही. काठी, चाबूक, शॉक या सगळ्याला मनाई. बैलाला यातना दिल्या तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. ही शिक्षा ज्याच्या अंगावर सगळ्यात आधी येऊ शकते तो माणूस धुरकरीच, कारण हात त्याचा आणि व्हिडिओही त्याचाच निघतो. मालकानं मागून 'हाण' म्हटलेलं व्हिडिओत येत नाही.

बंदीच्या वर्षांनी आणखी एक नुकसान केलं, त्याचा हिशेब झालेला नाही. २०११ पासून २०२१ पर्यंतच्या दहा वर्षांत पट कधी पूर्ण बंद, कधी चोरून, कधी दोन तारखांच्या मधल्या काळात झाले. जो पोरगा २०११ मध्ये पंधरा वर्षांचा होता तो बंदी उठली तेव्हा पंचविशीत होता. त्याच्या उमेदीची वर्षं तारखा बघण्यात गेली. त्याच दहा वर्षांत गावात ट्रॅक्टर आले, गोठ्यातले बैल गेले. ज्यांच्याकडून शिकायचं ते जुने धुरकरी थकले किंवा गेले. २०२२ च्या हंगामात पट पुन्हा भरले तेव्हा छकड्यावर दोनच प्रकारचे लोक दिसत होते, चाळिशी ओलांडलेले जुने आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेले नवे. मधली पिढी जवळजवळ गायब होती.

जुन्यांची अडचण सवयीची. ज्यांचा हात काठीवर बसलेला, त्यांना नुसत्या आवाजावर आणि कासऱ्यावर जोडी पळवायला नव्यानं शिकावं लागलं. काही जणांना ते जमलंच नाही. ज्यांना जमलं, ते मात्र पहिल्यापेक्षा चांगले धुरकरी झाले, असं पट बघणारे जाणकार मानतात आणि त्याला कारणही आहे. मारानं पळणारा बैल रेषा सोडतो, आवाजानं पळणारा सरळ राहतो. नव्यांची अडचण उलटी. त्यांना वेग माहीत आहे, बैल माहीत नाही. घरी गोठाच नसेल तर बैलाचा श्वास, कान, शेपटी यावरून त्याचं मन ओळखणार कुठून?

पैसा, पटका आणि प्लास्टर

धुरकऱ्याला मिळतं काय? ठरलेला दर नाही. सगळं तोंडी ठरतं. कुठं पटामागे रोज, कुठं बक्षिसात हिस्सा, कुठं नुसतं जेवण, येण्याजाण्याचं भाडं आणि जिंकल्यावर फेटा-टॉवेल. स्वतःच्या जोडीवर बसणारा मालक-धुरकरी वेगळा, त्याची हार-जीत त्याचीच. पण दुसऱ्याची जोडी हाकणारा बहुतेक वेळा अल्पभूधारक, सालगडी किंवा मजूर असतो. पट नसतो तेव्हा तो हळदीच्या नाहीतर केळीच्या रानात रोजानं जातो. लोहा, कंधार, मुखेड, जळकोट भागातली काही कुटुंबं ऊसतोडीला बैलगाडी घेऊन जातात. तिथं टायरगाडीवर टनावारी ऊस लादून उतारावर बैल सावरणारा माणूस कौशल्यात पटाच्या धुरकऱ्याला तसूभरही कमी नसतो. फक्त त्याला बघायला गर्दी नसते.

मोठ्या बक्षिसांचा पैसा पश्चिम महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत बैलांच्या शर्यतीला थार आणि पुढे फॉर्च्युनर अशा गाड्या बक्षीस म्हणून लागल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'श्रीनाथ केसरी' मैदानात फॉर्च्युनर जिंकणाऱ्या जोडीची नावं राज्यभर गाजली, 'हेलिकॉप्टर बैजा' आणि 'ब्रेक फेल'. मथळे या बैलांचे होते. आपल्याकडे बक्षिसं तेवढी नाहीत, पण ओढ तीच आहे. बक्षीस वाढलं की बैलाची किंमत वाढते, मालकाची ईर्षा वाढते आणि छकड्यावरच्या माणसावरचा दाब वाढतो. त्याचं रोजचं मानधन त्या प्रमाणात वाढत नाही.

आणि पडल्यावर? चाक पायावरून जाणं, जू तुटून बैलांच्या मध्ये सापडणं, छकडा उलटून खांदा निखळणं, हे या कामातले नेहमीचे धोके. अजून बहुतेक जण डोक्याला पटका बांधून बसतात. हेल्मेट घातलं तर पोरं हसतात.

इथं शेतकरी कुटुंबांना उपयोगी पडेल अशी एक माहिती आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयोगटातला सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य येतो. अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये, एक अवयव निकामी झाल्यास १ लाख. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा, निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. या योजनेत ज्या अपघातांना मदत मिळत नाही त्यांची यादी दिली आहे. त्यात आत्महत्येचा प्रयत्न, नशेत झालेला अपघात, युद्ध यांच्याबरोबर 'मोटार शर्यतीतील अपघात' असाही एक शब्दप्रयोग आहे. मोटार शर्यत. बैलांच्या शर्यतीचा त्यात उल्लेख नाही. उलट उंचावरून पडणं आणि जनावरामुळे झालेली इजा ही कारणं मदत मिळणाऱ्या यादीत आहेत. त्यामुळे पटावर जखमी झालेल्या धुरकऱ्याच्या घरच्यांनी 'शर्यतीत झालं, काही मिळणार नाही' असं समजून गप्प बसू नये, पोलिसांचा पंचनामा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवून मुदतीत प्रस्ताव द्यावा. बिनपरवाना पटात अपघात झाला तर मात्र पंचनाम्यापासूनच अडचण सुरू होते, कारण आयोजकच पोलिसांना बोलावत नाहीत. आणि धुरकऱ्याच्या घरी कोणाच्याच नावावर सातबारा नसेल, तर ही योजना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्याची जोडी हाकणाऱ्यांत असेच लोक जास्त आहेत.

सीमेपलीकडे नाव झालं ते एका धावणाऱ्याचं

उदगीर-देवणीच्या पलीकडे बिदर लागतं, तिथून कर्नाटक सुरू. त्याच कर्नाटकाच्या किनारी भागात, दक्षिण कन्नड आणि उडुपी जिल्ह्यांत, कंबळ होतं. भाताच्या चिखलात रेड्यांची जोडी पळते आणि माणूस तिच्या मागे कासरा धरून धावतो. १ फेब्रुवारी २०२० रोजी ऐकळ इथल्या कंबळमध्ये श्रीनिवास गौडा या मूडबिद्री भागातल्या बांधकाम मजुरानं १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापलं. कोणीतरी हिशेब मांडला, १०० मीटर ९.५५ सेकंदांत झाले, उसेन बोल्टच्या ९.५८ पेक्षा कमी. तो हिशेब मैदानी खेळाच्या नियमात बसणारा नव्हता, पुढे रेडे ओढत असतात. पण देशभर त्याचं नाव झालं. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ३ लाख रुपये देऊन सत्कार केला, केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी बंगळूरूच्या क्रीडा प्राधिकरणात चाचणीला बोलावलं. गौडानं चाचणीला नम्रपणे नकार दिला. चिखलात टाचेवर धावणारा आणि ट्रॅकवर बोटांवर धावणारा, दोन्ही वेगळे, असं त्याचं म्हणणं, आणि वेगाचं श्रेय त्यानं रेड्यांनाही दिलं. काही दिवसांतच दुसऱ्या एका कंबळपटूनं त्याच्याहून सरस वेळ दिली.

हे घडलं त्याला एक कारण आहे. कंबळमध्ये धावणाऱ्याचं नाव नोंदलं जातं, बक्षिसात त्याचा वेगळा मान असतो आणि तरुणांना हे शिकवणारी अकादमीही तिथं निघाली आहे. गौडा तिथंच शिकलेला. आपल्याकडच्या पटाच्या पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांची नावं दोन ओळींत मावत नाहीत, पण निकालपत्रकात धुरकऱ्यासाठी रकाना नसतो. तो घालायला खर्च येत नाही.

विदर्भात थोडं वेगळं चित्र दिसतं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट जुना आणि मोठा. तिथं महिला धुरकऱ्यांसाठी स्वतंत्र शर्यत ठेवली जाते. नऊवारी खोचून छकड्यावर बसलेल्या बाया-पोरींचे फोटो दरवर्षी फिरतात. घरचे बैल बाई सांभाळते, वैरण-पाणी तीच करते, शेण तीच काढते, त्यामुळे बैलाला तिचा आवाज पुरुषापेक्षा जास्त ओळखीचा असतो. नुसत्या आवाजावर पळवायच्या खेळात हा फायदा छोटा नाही.

छकड्यावरून उतरल्यावर

धुरकऱ्याची कारकीर्द फार लांब नसते. पंचविशी ते पस्तिशीत मनगट आणि डोकं दोन्ही जुळून येतात, चाळिशीनंतर वजन वाढतं आणि गुडघे बोलायला लागतात. निवृत्तीचा कार्यक्रम कोणी ठेवत नाही. एका हंगामात मालक दुसऱ्या कोणाला बोलावतो, तेव्हा कळतं.

त्यानंतर काही जण झेंडीवर उभे राहतात, काही पंच होतात, काही पोरांना शिकवतात. आणि ज्यांची नजर खरोखर पक्की असते त्यांना बाजारात मागणी येते. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात किंवा मार्गशीर्षात भरणाऱ्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत मोठा सौदा करायला जाणारा शेतकरी एखाद्या जुन्या धुरकऱ्याला बरोबर घेतो. तो दात बघतो, खूर उचलून बघतो, बैलाला चार पावलं चालवतो, मागून बघतो. मग रुमालाखाली बोटं धरून भाव सुरू होतो. सौदा पटला तर त्याला चहा आणि वरखर्चाला काही मिळतं. बैल पुढे पटावर जिंकला, तर तो कोणी निवडून दिला होता हे मालक एखाद्या वेळी सांगतो.

या हंगामात पट भरवायचा असेल तर आयोजकांना जिल्हाधिकारी कार्यालयात वेळेआधी अर्ज, अनामत रक्कम आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या तपासणीची व्यवस्था करावी लागेल. धुरकऱ्यांनी आपल्या बाजूनं एवढं बघून घ्यावं : परवानगीची प्रत मैदानावर आहे का, शेवटच्या रेषेनंतर थांबायला पुरेशी मोकळी जागा सोडली आहे का, आणि रुग्णवाहिका बैलांसाठीच्या डॉक्टरबरोबर माणसांसाठीही बोलावली आहे का.